‘सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश नाही’

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सोडली की मालकाला काचेच्या खोलीत बसवतात. एसी असतो, कॉफीचे यंत्र असते, आवाज बंद केलेला टीव्ही असतो. काचेपलीकडे रॅम्पवर चढवलेल्या गाड्या दिसतात आणि मधल्या दारावर पाटी असते : ‘सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकांना प्रवेश नाही.’ संध्याकाळी गाडी धुऊन, टायरना काळे पॉलिश मारून, पायाखाली कागद अंथरून हातात येते. सर्व्हिस ॲडव्हायझर अजिजीने सांगतो, ‘सर, कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह जातो.’ बहुतेक जण देऊन टाकतात. चाकाचे नट किती आवळले, ब्रेकमधली एअर पूर्ण काढली का, चेंबरच्या बोल्टला नवा वायसर घातला का, हे त्या काचेतून दिसत नाही आणि दहा गुणांच्या फोनवर कोणी विचारत नाही.

ज्याला कळते त्याला ते उशिरा कळते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी फरशीवर ऑइलचे थेंब. पहिल्याच सिग्नलला पाय दाबल्यावर स्पंजासारखा आत जाणारा ब्रेक. पंक्चर काढताना टायरवाला विचारतो, ‘साहेब, याचा एक नट कुठाय?’ किंवा तो जोर लावतो आणि नट सुटण्याऐवजी स्टडच तुटून हातात येतो, कारण मागच्या वेळी कोणीतरी हवेची गन चालवून नट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळलेला असतो. चाकाच्या नटाला किती जोर लावायचा याचा आकडा प्रत्येक मॉडेलसाठी ठरलेला असतो. तो मोजायला टॉर्क पाना असतो आणि बहुतेक कार्यशाळांत तो भिंतीवर टांगलेलाही असतो. पण घाईच्या वेळी गन पटकन हाताला लागते.

ही किरकोळ कुरकुर वाटत असेल तर टेक्सासमधला एक खटला पाहावा. तिथल्या एका जोडप्याने २०१० सालची होंडा फिट सेकंडहँड घेतली. आपल्याकडे हीच गाडी जॅझ या नावाने विकली गेली. आधीच्या मालकाच्या काळात गारपिटीने छताला पोचे पडले होते आणि डॅलसमधल्या एका डीलरच्या बॉडी शॉपने छताचा पत्रा बदलला होता. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार तो पत्रा वेल्डिंगने जोडायचा. बॉडी शॉपने तो चिकटवला. वर रंग चढला, पॉलिश झाले, आणि गाडी कारखान्यातून नुकतीच निघाल्यासारखी दिसू लागली. घेणाऱ्यांना याचा पत्ता असण्याचे कारणच नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये पावसात घसरलेला एक पिकअप ट्रक त्यांच्यावर आदळला. दोघे आत अडकले आणि गाडीने पेट घेतला. दोघेही जिवंत राहिले, पण जखमा आयुष्यभर पुरणाऱ्या होत्या.

२०१७ मध्ये ज्युरीने सुमारे ४.२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा, म्हणजे ३.१५ कोटी डॉलर, बॉडी शॉपवर टाकला. समोरून येऊन आदळणाऱ्यापेक्षा वर्षभर आधी छत चिकटवणाऱ्याचा दोष ज्युरीला मोठा वाटला. कारण साधे आहे. छत हे गाडीचे झाकण नव्हे. धडकेचा जोर वाटून घेणाऱ्या सांगाड्याचा तो भाग असतो आणि तो कसा जोडायचा हे गाडीची रचना करणाऱ्याने हिशेब करून ठरवलेले असते. दुरुस्तीच्या वेळी तो हिशेब मोडला, तर नव्या गाडीने धडक चाचणीत मिळवलेल्या ताऱ्यांना अर्थ उरत नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही धडक चाचणी सुरू झाली आणि गाड्यांचे तारे घरोघरी चर्चेत आले. ते तारे नव्या गाडीचे असतात. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीला तारे देणारे कोणी नाही.

त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला फार ओळखीची वाटेल. बॉडी शॉपच्या व्यवस्थापकाच्या जबानीत विमा कंपनीचा विषय निघाला आणि बिल विमा कंपनी भरते म्हणून तिचे म्हणणे गाडी बनवणाऱ्याच्या सूचनांनाही मागे सारू शकते, असा सूर त्यातून पुढे आला. आपल्याकडे कॅशलेस क्लेममध्ये काय बदलायचे आणि काय ठोकून सरळ करायचे हे सर्व्हेयर, विमा कंपनी आणि कार्यशाळा यांच्यात ठरते. मालक तेव्हा ऑफिसात असतो. त्याला फक्त फाइल चार्जेसचा आणि डेप्रिसिएशनचा आकडा कळतो.

दुसरे उदाहरण तर दुरुस्तीचेही नाही, एका मॅटचे आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ हायवे पॅट्रोलचा एक अनुभवी अधिकारी पत्नी, मुलगी आणि मेहुणा यांच्यासह लेक्ससमधून चालला होता. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिलेली, म्हणून डीलरने ही तात्पुरती दिली होती. तिच्यात डीलरकडे बसवलेला रबरी मॅट दुसऱ्या, मोठ्या मॉडेलचा होता. ॲक्सिलरेटरचे पेडल त्यात अडकले. गाडी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेली. मेहुण्याने गाडीतूनच पोलिसांना फोन लावला होता. चौघेही गेले. तपासात पुढे आले की, तीच गाडी आधी नेलेल्या एका ग्राहकाचेही पेडल असेच अडकले होते आणि परत करताना त्याने ते डीलरकडे सांगितले होते. म्हणजे चूक सापडली होती, तोंडी कळवलीही होती. काउंटरवर ऐकलेले वाक्य रॅम्पपर्यंत पोहोचले नाही आणि काही दिवसांत गाडी पुढच्या माणसाला दिली गेली. महिनाभरात टोयोटाने ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट काढून ठेवायला सांगितले. पेडलच्या प्रश्नावर ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर मोजले.

ही बातमी वाचून आपल्याकडच्या शोरूममध्ये गेले तर अंगावर काटा येईल. नवी गाडी घेताना डीलर ‘ॲक्सेसरी पॅक’ गळ्यात मारतो, त्यात जाड ‘सेव्हन-डी’ मॅट असतात आणि त्यावर मळू नये म्हणून आणखी एक मॅट. खालच्या मॅटला क्लिप असते, वरच्याला नसते. सोबत लेदरचे घट्ट सीट कव्हर. सीटच्या कडेत साइड एअरबॅग असेल तर कव्हर घालू नका, असे मालकाच्या पुस्तिकेत छापलेले असते. ज्या दुकानातून ती पुस्तिका मिळते, त्याच दुकानाच्या बिलात कव्हरची ओळही असते. वर जास्तीचे दिवे आणि मोठा हॉर्न बसवण्यासाठी कारखान्यातले वायरिंग मध्येच कापून टेप गुंडाळलेली, ती वेगळीच.

या चुका करणारे निष्काळजी किंवा नवशिके असतात, अशी एक सोयीची समजूत आहे. ती खरी नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची कॉकपिटमधली काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले आणि कॅप्टन वाचला, हे नवलच. काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते, उरलेले सहा लांबीला कमी. ते बसवणारा माणूस अनुभवी होता, पाळीचा प्रमुख होता. रात्रीची वेळ, माणसे कमी, आणि त्याने जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारे नवे नजरेने निवडले. काच बसवण्याच्या कामाची दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र तपासणी व्हावी, असा तेव्हा नियम नव्हता.

हे सगळे आज कोणालाही वाचता येते, कारण तपास अहवाल जाहीर झाला. त्या अहवालात माणसाच्या चुकीइतकीच जागा प्रकाश कसा होता, सुटे भाग कुठे ठेवले होते आणि त्याच्यावर कामाचा ताण किती होता याला दिली आहे. आपल्याकडे मोटारीच्या बाबतीत असे काही होत नाही. अपघात झाला की मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य जणू आधीच जुळवून ठेवलेले असते : ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने…’ ताबा का सुटला, यावर पुढची ओळ नसते. आरटीओचा निरीक्षक गाडी पाहून अहवाल देतो. पण शेवटचे सर्व्हिसिंग कुठे झाले, काय उघडले होते आणि कोणी परत जोडले, हे विचारले गेल्याचे क्वचितच ऐकू येते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. केंद्राच्या वार्षिक अहवालात अतिवेग आहे, मद्यपान आहे, मोबाइल आहे, गाडीचे वयसुद्धा आहे. चुकीच्या दुरुस्तीचा रकाना नाही. जे मोजलेच जात नाही ते नगण्य आहे, असे मानून सगळे निवांत आहेत.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या १५ वर्षांत तिच्या ब्रेककडे, स्टिअरिंगकडे कायद्याने कोणी तिऱ्हाईत बघत नाही. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षे झाली की दरवर्षी एमओटी चाचणी लागते. ती चाचणी आदर्श आहे असे नाही, पण निदान कोणीतरी खाली वाकून बघतो. आपल्याकडे जो दुरुस्त करतो तोच तपासतो, तोच ‘ओके’चा शिक्का मारतो आणि तोच बिल देतो.

इथे जुने भांडण आठवावे लागते. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधणारी यंत्रे या कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्यांच्या बचावात एक मुद्दा ग्राहकाच्या सुरक्षेचा होता : अप्रशिक्षित हातांत हे भाग गेले तर धोका वाढेल. आयोगाला तो पटला नाही आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. पण सामान्य मालकाच्या मनात तो युक्तिवाद पक्का बसलेला आहे. वॉरंटी आणि सुरक्षा या दोन शब्दांपायी तो कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला सोडून दुप्पट बिल भरायला तयार होतो. मिस्त्रीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, त्याच्याकडेही टॉर्क पाना नसतो आणि बोल्टचे आटे गेले तर तो टेफ्लॉन टेप गुंडाळून मोकळा होतो. मात्र काम कोणी केले हे तिथे माहीत असते. अधिकृत केंद्रात जॉब कार्डावर ॲडव्हायझरचे नाव असते. त्याने पाना हातात धरलेला नसतो. ज्याने धरला त्याचे नाव ग्राहकाला कळत नाही. सुरक्षेच्या नावाने जास्त पैसे घेणाऱ्याने सुरक्षित काम झाल्याचा पुरावाही द्यायला हवा, यात अवाजवी काय आहे?

पुरावा म्हणजे फार काही नाही. ब्रेक, स्टिअरिंग, चाके, एअरबॅग आणि सांगाडा यांना हात लागला असेल तर काम करणाऱ्याचे नाव, लावलेल्या टॉर्कचा आकडा आणि तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही. बॉडीचे काम असेल तर रंग चढण्यापूर्वीचे फोटो. आज प्रत्येक ॲडव्हायझरच्या हातात टॅब आहे. गाडी आत घेताना जुन्या ओरखड्यांचे फोटो तो न चुकता काढतो, कारण ते कंपनीच्या फायद्याचे असतात. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने दुरुस्ती व्यवसायासाठी स्वतंत्र सरकारी खाते आहे, लेखी अंदाजपत्रक सक्तीचे आहे आणि बदललेले जुने भाग मागितले तर परत द्यावे लागतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सुटलेल्या ट्रकच्या चाकांनी माणसे मेल्यावर १९९७ मध्ये कायदा कडक झाला : चाक निखळले की गुन्हा, ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही, दंड ५० हजार डॉलरपर्यंत. महाराष्ट्रात तर वाहन उद्योगाचा पुणे-चाकणचा पट्टा आहे, गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यातच आहे. दुरुस्तीचे असे साधे नियम इथे लिहायला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत.

सरकार ते करील तेव्हा करील. तोवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाची सेवा देणाऱ्यावरही नुकसानीची जबाबदारी टाकता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे असते, म्हणून जॉब कार्ड, बिल आणि डिकीत टाकून दिलेला जुना भाग निदान तेवढे दिवस तरी जपून ठेवावा. आणि पुढच्या वेळी दहा गुणांचा फोन आला, तर दहा देण्याआधी चाकाच्या नटांचा टॉर्क किती होता आणि तो कोणी तपासला, हे विचारून पाहावे.