घरात शिरलेला चोर

२७ ऑगस्ट २००४ रोजी ‘धूम’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. भरधाव मोटारसायकलींवरून येणारी टोळी मुंबईत दरोडे घालते आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत रहदारीत दिसेनाशी होते, हे त्याचे कथासूत्र. त्याआधी चार वर्षे, २००० मध्ये, हॉलिवूडने ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’मध्ये एका रात्रीत ५० मोटारी पळवणारा नायक जगापुढे आणला होता. वेगवान वाहन आणि देखणा चोर यांची तीच सांगड ‘धूम’ने आपल्याकडे घरोघरी पोहोचवली.

‘घरोघरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चित्रपटगृहात चित्रपट फार तर काही आठवडे टिकतो. त्याचे खरे आयुष्य पुढे सुरू होते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब यांसारख्या गावांत त्या काळी नाममात्र भाड्याने मिळणारी व्हीसीडी आणि स्थानिक केबल यांनी असे चित्रपट थेट माजघरात आणून सोडले. आता ती तबकडी इतिहासजमा झाली आहे आणि तिची जागा मुलांच्या हातातील मोबाइलने घेतली आहे. चित्रपटगृहाच्या दारावर निदान तिकीट तपासणारा उभा असतो. घराच्या दारावर आई-वडिलांखेरीज दुसरा पहारेकरी नसतो. आणि अनेकदा तो पहारेकरीच मुलांच्या शेजारी बसून चोराच्या चपळाईला दाद देत असतो.

एखादा चित्रपट पाहून कोणी लगेच दरोडेखोर होत नाही, हे मान्यच करावे लागेल. तरीही केरळातील चेलेंब्रा येथील घटना विसरता येत नाही. डिसेंबर २००७ च्या अखेरीस तेथील ग्रामीण बँक फोडून चोरट्यांनी सुमारे ८० किलो सोने लांबवले. बँकेखालची जागा भाड्याने घेऊन, वरची फरशी फोडून ते आत शिरले होते. या बेतामागची प्रेरणा ‘धूम’ असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. पडद्यावर लुटली जाते ती केवळ एक तिजोरी. प्रत्यक्षात ग्रामीण बँकेत तारण ठेवलेले सोने हा कुणाच्या पेरणीचा, कुणाच्या लेकीच्या लग्नाचा, कुणाच्या औषधपाण्याचा आधार असतो. त्या माणसाचा चेहरा चित्रपटात कोठेच दिसत नाही.

परंतु अनुकरणाहूनही गंभीर प्रश्न कौतुकाचा आहे. पहिल्या ‘धूम’मधील चोर पकडले जाण्याऐवजी कड्यावरून मृत्यूच्या दरीत झेप घेतो, कर्माचे फळ त्याला निदान मिळते. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मात्र पोलीस अधिकारीच चोराला मोकळे सोडतो आणि तो प्रेयसीसह परदेशात उपाहारगृह चालवू लागतो. दोनच वर्षांत शिक्षेची जागा क्षमेने घेतली, आणि तीही पश्चात्तापाची फारशी अट न घालता. प्रेक्षकांना त्यात वावगे वाटले नाही, ही बाब अधिक चिंताजनक आहे.

याच धाराशिव जिल्ह्यात या क्षमाशीलतेची दुसरी बाजू पाहावयास मिळते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला. समाजमनातून गेला काय? गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावर येतो. पालावरचा तरुण स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी घेतलेल्या मोटारसायकलीवरून निघाला, तर ‘कोणाची आणलीस?’ हा प्रश्न त्याला चुकत नाही. हायाबुसावरून पळणाऱ्या श्रीमंती थाटाच्या चोराचे चित्र भिंतीवर लावावे आणि चोरी न केलेल्या गरिबाला मात्र दारात उभे करू नये, हा कोणता न्याय?

या अन्यायाला कृतीने दिलेले उत्तरही याच जिल्ह्यात उभे आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर १९९३ पासून भटके विमुक्त विकास परिषदेचा प्रकल्प सुरू आहे. पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी तेथे निवासी शाळा उभी राहिली. या कामाचे अध्वर्यू गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. पोलिसांची चाहूल लागताच पळायला शिकलेली मुले तेथे हजेरीपटावरचे आपले नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणायला शिकली. एका बाजूला चोराला नायक ठरवणारा झगमगाट आणि दुसऱ्या बाजूला चोर ठरवल्या गेलेल्यांना माणूस म्हणून उभे करणारी निवांत धडपड! आपल्या मुलांना यांपैकी कोणती कथा ठाऊक आहे, हे प्रत्येक घराने तपासून पाहावे.

वाल्याची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नारदांनी त्याला दंड दिला नाही. ‘तुझ्या पापात घरची माणसे वाटेकरी होतील का, हे विचारून ये,’ एवढेच सांगितले. घरच्यांनी ‘नाही’ म्हटले आणि वाल्या थांबला. त्या घराने टाळ्या वाजवल्या असत्या, तर वाल्मीकी घडले असते काय?

म्हणून मागणी बंदीची नाही. चित्रपट अवश्य पाहावेत. त्यांतील साहस, संगीत, छायाचित्रण यांची गोडीही घ्यावी. मात्र पडदा काळा झाल्यावर आई-वडिलांनी उठून जाऊ नये. मुलांना दोनच प्रश्न विचारावेत. ज्याचे लुटले गेले, तो कोण होता? आणि उद्या आपल्या गावात चोरी झाली, तर पुराव्याविना आपण पहिले नाव कोणाचे घेऊ?