किरकोळ खर्चातली बांगडी



आमच्या महिला मंडळाची दुसरी तुकडी फेब्रुवारीत थायलंडला निघाली आहे. कार्यक्रमपत्रिका मोबाईलवर आली. त्यात दोन अर्धे दिवस ‘रत्ने व दागिने शोरूम’ आणि एक संध्याकाळ ‘हस्तकला चांदी खरेदी’ असं लिहिलेलं आहे. हे तिन्ही थांबे काढून टाका, असं मी बैठकीत म्हणाले, तर एकच गलका झाला. “तुम्ही स्वतः जाऊन बांगडी घेऊन आलात, आणि आता आम्हाला उपदेश?” हे माझ्या सख्ख्या नणंदेचे शब्द. शब्द खोटे नाहीत. बांगडी मी घेतली आहे आणि ती कपाटात आहे. म्हणूनच बोलायचा हक्क मला आहे असं मला वाटतं.

आधी बांगडीची हकीगत सांगते.

गेल्या जानेवारीत आम्ही अठरा जणी गेलो होतो. बँकॉकला सकाळी राजवाड्याच्या आवारातलं मंदिर पाहिलं. तिथल्या हिरव्या बुद्धमूर्तीला सारं जग ‘पाचूचा बुद्ध’ म्हणतं, पण ती मूर्ती पाचूची नाही, जेड किंवा जास्पर जातीच्या हिरव्या दगडाची आहे, असं गाईडने सांगितलं. आम्ही सगळ्या “अगंबाई!” म्हणालो. नावावर जाऊ नये, हा धडा सकाळी अकरा वाजता फुकट मिळाला होता. दुपारी तीनला आम्ही तो विसरलो.

शोरूममध्ये गार सरबत, खाणीची फिल्म, आणि हिंदी बोलणाऱ्या गोड मुली. जेडची बांगडी अखंड दगडातून कापलेली असते. तिला ना फासा, ना कडी. कासार बांगड्या भरतो तसा त्या मुलीने माझ्या हाताला साबण लावला आणि बांगडी सरकवली. मग ती निघेना. हात लाल झाला, मैत्रिणी भोवती जमल्या. “किती शोभते वहिनी, राहू दे आता!” ७,५०० बाथ. आपले १९,००० रुपयांच्या आसपास.

आता माझी खरी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात मी माताजींकडून नेम घेतला आहे की स्वतःसाठी नवा दागिना करायचा नाही. परिग्रहाचं परिमाण म्हणतात ते हेच. शोरूममध्ये तो नेम आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला होता. पण मनाने लगेच उत्तर तयार ठेवलं: हे सोनं नाही, चांदी नाही, ही तर प्रवासाची आठवण.

मी बी.कॉम. झालेली बाई. चाळीस वर्षं घराचा हिशोब वहीत लिहिते. परत आल्यावर वही उघडली आणि अडले. ‘दागिने’ या खात्यावर लिहावं तर नेम मोडला. ‘प्रवास’ म्हणावं तर ते पैसे कंपनीला आधीच भरलेले. शेवटी मी कुठे लिहिलं असेल? ‘किरकोळ’. एकोणीस हजार रुपये, किरकोळ! घरातलं ज्याला नीट नाव देता येत नाही ते सगळं त्या खात्यात जातं.

आता मंडळातल्या बायकांचे मुद्दे एकेक घेते.

पहिला मुद्दा: “फिरायला जाऊन कसला हिशोब? सगळीकडे काटेकोरपणा कशाला?” पण त्याच सहलीत आम्ही किती काटेकोर होतो! प्रत्येक जेवणाला स्वयंपाक्याला तीन-तीनदा विचारलं: कांदा नाही ना? लसूण नाही ना? बटाटा नाही ना? खाकऱ्याचे आणि मेतकुटाचे डबे सांगलीहून नेले होते. जमिनीखालचा बटाटा आपल्याला चालत नाही, आणि जमिनीखालचा दगड मात्र एकही प्रश्न न विचारता चालतो. पृथ्वीकायिक जीव पाठशाळेत पाठ केले ते कशासाठी? संसारी माणसाला स्थावर हिंसा पूर्ण टळत नाही, हे मान्य. पण गरज नसताना केलेली तरी टळते की नाही?

आणि इथे नुसत्या स्थावर जीवांचाच प्रश्न नाही. दागिन्यांत जातं ते चांगल्या प्रतीचं जेड, म्हणजे जेडाइट, मुख्यतः म्यानमारच्या कचिन प्रांतात, फाकान्त भागात निघतं. तिथे कंपन्या यंत्रांनी डोंगर कापतात आणि राडारोड्याचे उंच ढिगारे रचतात. त्या ढिगाऱ्यांवर गरीब माणसं रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन चढतात आणि कंपनीच्या नजरेतून सुटलेला एखादा दगड शोधतात. २१ नोव्हेंबर २०१५ ला असा ढिगारा झोपड्यांवर कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली. २ जुलै २०२० ला पावसात ढिगारा खाणीत साचलेल्या पाण्यात घसरला, चिखलाची लाट उसळली आणि १७० हून अधिक माणसं मेली. मरणारे बहुतेक असेच दगड वेचणारे होते. शोरूमच्या फिल्ममध्ये खाण होती. ढिगारा नव्हता.

दुसरा मुद्दा: “आपण थोडीच चोरी केली? पैसे मोजून घेतलं.” हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण आपण दरवर्षी दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचा अर्थ ऐकतो. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यातच आहेत. कॉलेजात ऑडिट शिकले तेव्हा मला वाटलं होतं की हे तर बस्तीत आधीच शिकवलं आहे. ते पाच आपल्या खरेदीला लावून पाहू.

स्तेनप्रयोग म्हणजे चोरीला उत्तेजन. तदाहृतादान म्हणजे चोरून आणलेला माल घेणं. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याचा कायदा, कर चुकवून व्यवहार. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०१५ साली म्यानमारच्या जेडवर अहवाल काढला. एकट्या २०१४ मध्ये तिथे निघालेल्या जेडची किंमत ३१ अब्ज डॉलरपर्यंत असू शकते, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास निम्मी, असा त्यांचा अंदाज होता. त्यातला मोठा भाग लष्करी घराणी आणि त्यांच्या जवळच्यांच्या हाती, आणि बराचसा माल कर न भरता सीमेपार. अमेरिकेने २००८ ते २०१६ या काळात बर्मी जेडची आयात बंद ठेवली होती, आणि लष्कराने सत्ता बळकावल्यावर एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारी रत्न कंपनीवर पुन्हा निर्बंध घातले. मी पैसे मोजले हे खरं. पण ते कुणाच्या हातात मोजले?

शिवाय आपल्याही बाजूला विरुद्धराज्यातिक्रम आहेच. परतीच्या विमानात एकमेकींना काय सांगत होतो? “अंगावर घालून उतरा, कोणी विचारत नाही.”

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात खोट. हुपरीला पैंजण घ्यायला जातो तेव्हा आपण काय करतो? टंच विचारतो, वजन करायला लावतो, मजुरी वेगळी काढतो, उद्या मोडायला आणलं तर घट किती, हेही विचारतो. दहा रुपयांसाठी दुकानदाराला घाम फोडतो. तिथे मी वजन विचारलं नाही, मोडीचा भाव विचारला नाही. विचारलं ते एवढंच, “लास्ट प्राइस?”

पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एकाच्या नावाखाली दुसरं खपवणं. माझ्या बिलावर ‘बर्मा जेड, ए ग्रेड’ असं लिहिलं आहे. धंद्यातली भाषा अशी आहे: ‘टाइप ए’ म्हणजे दगडावर वरचं मेण सोडून काही केलेलं नाही. ‘टाइप बी’ म्हणजे आम्लात धुऊन डाग काढलेला आणि आत राळेसारखं प्लास्टिक भरलेला. ‘टाइप सी’ म्हणजे रंगवलेला. ‘ए ग्रेड’ हा यातला कोणताच प्रकार नव्हे, दुकानदाराने स्वतःच्या मालाला स्वतः दिलेले मार्क आहेत. सोबतचं प्रमाणपत्रही त्याच दुकानाचं. स्वतःच्या हिशोबाचं ऑडिट स्वतःच! भाच्याने मुंबईच्या एका रत्न प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची तपासणी करून घेतली. निकाल आला: जेडाइट आहे, टाइप बी. आत पॉलिमर. तीस दिवसांत माल परत घेऊ असं बिलावर छापलेलं आहे, मात्र शोरूममध्ये समक्ष येऊन. यावर काय बोलणार?

आणि मला जेड तरी मिळालं. आमच्यातल्या एकीची ‘जेड’ची माळ साध्या अॅव्हेंच्युरिनची निघाली. हा हिरवा दगड आपल्याकडे मुबलक मिळतो आणि परदेशात ‘इंडियन जेड’ या नावाने खपतो. म्हणजे भारतातला दगड बँकॉकहून विकत आणला.

तिसरा मुद्दा: “आपल्या खरेदीवर तिथल्या कारागिरांचं पोट चालतं.” हा मुद्दा मी सहज उडवून लावणार नाही. हाताने घडवणाऱ्याला मोल मिळावं, हे माझंही मत आहे. चियांग मायला वुआलाय नावाचा रस्ता आहे, चांदीच्या कारागिरांचा. तिथे एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून लहानशा चांदीच्या वाटीवर कमळ ठोकत होते. वाटी त्यांनी तराजूत टाकली, चांदीचे इतके आणि घडणावळीचे इतके, असं बोटांवर सांगितलं. आपल्या हुपरीसारखंच. मला ती वाटी बस्तीत अक्षता न्यायला हवीशी वाटली. पण पाकिटात पैसे नव्हते. ते शोरूममध्ये गेले होते! त्याच संध्याकाळी रात्रबाजारात ‘हॅन्डमेड’ची पाटी लावलेल्या ट्रेमध्ये एकाच साच्यातली, एकसारखी तीन-तीनशे कानातली पाहिली, आणि आमच्या बायका मूठमूठ घेत होत्या. तेव्हा कारागिरांच्या पोटाची काळजी मला सांगू नका. ज्याने खरंच घडवलं त्याच्यापर्यंत आपण रिकाम्या पाकिटाने पोचतो.

कारण सहलीचं गणितच तसं असतं. तिकीट स्वस्त का? उरलेलं शोरूमच्या कमिशनमधून वसूल होतं म्हणून. यात काही गुपित नाही. चीनने २०१३ च्या पर्यटन कायद्याने सक्तीच्या खरेदीच्या सहलींवर बंदी घातली. थायलंडच्या सरकारने २०१६ मध्ये असल्या ‘शून्य डॉलर’ सहलींवर कारवाई केली. आपण मात्र कार्यक्रमपत्रिकेत शोरूमचे दोन अर्धे दिवस आनंदाने छापून घेतो.

शेवटचा मुद्दा माझ्या नणंदेचा: “आपल्या समाजात इतके जवाहिरे आहेत, मग दागिन्यांना नावं ठेवायची का?” अक्का, मी दागिन्यांना नावं ठेवत नाही. गृहस्थाला दागिना वर्ज्य नाही, मर्यादा आहे. उलट आपला समाज या धंद्यात आहे म्हणूनच आपल्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. कच्च्या हिऱ्याला २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र लागतं. ती व्यवस्था परिपूर्ण नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत तरी आहे. जेडला तसं काहीही नाही. जिथे कागद नाही तिथे विचारायचं काम घेणाऱ्याचं.

म्हणून मंडळाला माझं मागणं असं. पत्रिकेतले शोरूमचे दोन्ही अर्धे दिवस काढा. त्यामुळे माणशी पैसे वाढणार असतील तर किती, ते कंपनीकडून लेखी घ्या आणि तेवढे भरा. ती सहलीची खरी किंमत आहे. तिसरी संध्याकाळ रात्रबाजाराऐवजी वुआलायला न्या. तिथे काही घ्यायचंच असेल तर हुपरीत विचारता तेच विचारा: कुणी घडवलं, वजन किती, मजुरी किती. उत्तर मिळालं तर जरूर घ्या. आणि ज्यांचा नेम आहे त्यांनी घरून निघतानाच ठरवा, ‘आठवण’ कोणत्या खात्यावर लिहिणार.

बांगडीचं काय केलं, असं विचाराल. जेड म्हणून विकली तर मीच प्रतिरूपक व्यवहार केला असं होईल. सुनेला द्यावी तर तिला काय सांगून देऊ? त्या म्हाताऱ्या वाटीवाल्याची आठवण मला अजून येते, या बांगडीची येत नाही. ती प्रयोगशाळेच्या कागदासह कपाटात ठेवली आहे. माताजींना सगळं सांगितलं, त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त घेतलं. आणि वही काढून ‘किरकोळ’मधली ती ओळ लाल शाईने खोडली आणि ‘दागिने’ या खात्यावर, नेम घेतल्यानंतरची पहिली नोंद म्हणून, रकमेसकट लिहिली.

बैठक येत्या रविवारी चार वाजता बस्तीच्या सभागृहात आहे. बांगडी आणि कागद दोन्ही घेऊन येते. अक्का, तुमच्या दोन्ही बांगड्याही आणा. भांडायला नव्हे, तपासायला.

जय जिनेंद्र!