ऑपरेशननंतरचे नऊ महिने

आमच्या मराठवाड्याचा अविनाश साबळे कधी धावणार, असं विचारणाऱ्यांनी जरा दम धरावा. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत स्टीपलचेसमध्ये पडला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, मुंबईत ऑपरेशन झालं. २०१८ लाही घोट्याच्या दुखापतीने त्याची आशियाई स्पर्धा हुकली होती. त्याच वर्षी पठ्ठ्याने भुवनेश्वरला ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. मागे लष्कर आहे. त्याची मला काळजी नाही.

काळजी आहे ती जिल्ह्यात शंभर-दोनशे मीटर धावणाऱ्या पोरापोरींची. गुडघा गेला की परळला, केईएमला येतात. ऑपरेशन होतं, तिथले डॉक्टर हुशारच. पण पुन्हा धावायला साधारण नऊ महिने लागतात, तेही नियमित फिजिओथेरपी मिळाली तर. लालबागच्या मामाच्या दहा बाय दहाच्या खोलीत नऊ महिने कसे काढणार? गावी परतलं की व्यायाम सुटतो, मांडी वाळते, स्पाइक्स माळ्यावर जातात.

पदक आलं की बक्षिसं जाहीर करता ना? मग प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात एक कायमस्वरूपी फिजिओ द्या. तुमच्या संकुलात आहे का, हे आपापल्या आमदाराला विचारा आणि उत्तर इथे खाली लिहा.