मोठे टायर आणि खोटा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जीपच्या ॲक्सलवर लिहावे, ही काहींना नसती उठाठेव वाटेल. पण ज्या व्यवहारात जमेची बाजू तेवढी दिसते आणि नावेची बाजू कुणी मांडतच नाही, तिथे तोंड उघडणे हे आमचे कामच आहे.

माझ्या आतेभावाने जीपचे 28 इंची टायर काढून 32 इंची चढवले. गाडीला रुबाब आला, ॲक्सल जमिनीपासून दोन इंच वर गेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चोर्ला घाटाने साखळीला निघालो. जो उतार दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता उतरायचा, तिथे गाडी पुढे पळू लागली. दादा सारखा ब्रेक दाबत होता. एका वळणावर लायनर जळाल्याचा वास आला आणि पॅडल मऊ लागले. गाडी कडेला घेऊन तासभर बसलो. मागे आत्या होती. ती काही बोलली नाही; परतताना मात्र बसने आली.

झाले काय होते? ॲक्सलमध्ये क्राऊन आणि टेलपिनियन अशी दातेरी जोडी असते. पिनियनला 10 आणि क्राऊनला 41 दाते असतील, तर पिनियनच्या 4.10 फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. टायर मोठा झाला की त्याच एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते आणि ओढ तेवढी घटते. 28 वरून 32 वर गेल्यास 4.10 ची जोडी 3.59 सारखी वागते. म्हणजे चढावर ओढीचा आठवा हिस्सा गेला, उतारावर इंजिनाचा धरही तेवढाच गेला. शिवाय काटा 56 दाखवतो तेव्हा गाडी 64 ने धावत असते!

मित्र म्हणतात, 'लो गिअर आहे ना!' पण साध्या जीपमध्ये लो टाकले की चारही चाके जोडली जातात. चिखलात ते ठीक. कोरड्या डांबरी वळणावर गाडी आखडते.

बेळगावला परतल्यावर दादा गॅरेजमध्ये गेला. मिस्त्रींनी कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारला, 'गाडी चालवणार कुठे?' माझ्या मते सगळे शास्त्र या प्रश्नात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 4.88 ची जोडी होती. 1945 साली तीच जीप शेतकऱ्यांसाठी निघाली, तेव्हा टायर तसेच 16 इंची रिमचे ठेवून जोडी 5.38 केली, कारण आता तिला नांगर ओढायचा होता. काम बदलले म्हणून जोडी बदलली. आपण मात्र आधी रूप बदलतो आणि काम मागाहून शोधतो.

हिशेब सोपा आहे. जुनी जोडी गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर. 4.10 चे होतात 4.69. नेमकी तेवढी जोडी बाजारात नसते. डाना 44 या प्रसिद्ध ॲक्सलला 4.56 किंवा 4.88 मिळते. पुण्याचा हमरस्ता जास्त असेल तर 4.56 घ्यावी, घाट, ओझे आणि चिखल असेल तर 4.88. दुसरीत इंजिन जास्त फिरते आणि पिनियनचे दाते कमी असल्याने प्रत्येकावर भार वाढतो, हेही लिहून ठेवावे. जोडी पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलची बदलावी लागते, नाहीतर चारही चाके जोडताच ती एकमेकांशी भांडतात. म्हणजे खर्चही दुप्पट. इतके करूनही ब्रेकचे नुकसान भरून येत नाही. मोठ्या चाकाला तोच ब्रेक अपुरा पडतो. शिवाय नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला चालत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जोडी आणि ब्रेक यांचे पैसे खिशात नसतील, तर मोठे टायर घेऊच नयेत. दादाने 28 इंची परत चढवले. मित्र हसले. पण परवा आत्या पुन्हा त्या जीपमध्ये बसली, आणि मला तरी खात्याचा मेळ बसल्यासारखे वाटले.