राष्ट्रपती पुरस्काराच्या वाटेवर आपली मुलं-मुली

७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र आल्या आणि ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था उभी राहिली. हे एकत्रीकरण घडवणाऱ्यांत पंडित नेहरूंसोबत तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते. मौलानांची जयंती आपण दर ११ नोव्हेंबरला साजरी करतो; त्यांच्या या कामाचा उल्लेख मात्र आपल्या कार्यक्रमांत मी तरी कधी ऐकलेला नाही.

त्यामागचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९०९ मध्ये स्काऊटिंग भारतात आलं, तेव्हा ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. मग ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. दार बंद आहे म्हणून कुणी रुसून बसलं नाही.

आज दार उघडं आहे. तरी आपल्या अनेक घरांत स्काऊट म्हणजे खाकी गणवेश आणि शनिवारची कवायत, एवढीच समजूत आहे. प्रत्यक्षात ही काही वर्षांची चढण असते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक महिने काढावेच लागतात. गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, तंबू, उघड्यावरचा स्वयंपाक, प्रावीण्य पदकं, वस्तीतलं सेवाकार्य, असं सगळं करायचं आणि नोंदवहीत लिहायचं. शेवटी चाचणी शिबिर. तिथे परीक्षकासमोर गळ्यातला स्कार्फ सोडून जखमी हाताला झोळी बांधून दाखवावी लागते. पाठांतर तिथे कामाला येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. आमच्याकडे दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचंही प्रमाणपत्र मिळतं. मी ते बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘तू स्वतः काय केलंस?’ बरेच जण इथे गप्प होतात. चार-पाच वर्षं पथकात घालवलेल्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर असतं.

माझी भाची सोलापुरात नववीत आहे. तिचा तृतीय सोपान झालाय. पुढच्या शिबिराचं पत्रक घरी आलं आणि दुल्हाभाई म्हणाले, “पोरीची जात, चार रात्री बाहेर कशाला?” आपाही गप्प राहिली. भाचीने मला फोन केला, “मामू, गाठी मीच सगळ्यांना शिकवल्या, आणि मीच जायचं नाही?”

दुल्हाभाईंची काळजी मी खोटी म्हणणार नाही. पण काळजीचं उत्तर चौकशी असतं, नकार नव्हे. मुक्काम कुठे आहे, सोबत कोण आहे, हे शाळेत जाऊन विचारता येतं. गाईडच्या पथकाची प्रमुख, म्हणजे गाईड कॅप्टन, स्त्रीच असते. आणि मुलींना हे कुणी दान दिलेलं नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात काही मुली न बोलावता आल्या आणि ‘आम्हालाही घ्या’ म्हणाल्या. त्यातूनच गर्ल गाईड्सची चळवळ सुरू झाली.

दुसरी शंका धर्माची. स्काऊटच्या वचनात देव आणि देश, दोघांप्रती कर्तव्य आहे; ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याचीही मुभा आहे. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते. आपलं मूल तिथे स्वतःची ओळख सोडून जात नाही, ती घेऊन इतरांसोबत एका तंबूत राहतं. ज्या शहरांत मोहल्ले दिवसेंदिवस वेगळे होत चालले आहेत, तिथे पंधराव्या वर्षी एका चुलीवर शिजवून खाणं ही छोटी गोष्ट नाही.

फायदाही सांगतो. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार ही एक पात्रता आहे. मात्र फक्त कोट्यासाठी नोंदवही भरू नका. न केलेलं सेवाकार्य वहीत लिहिणारा मुलगा या वयातच खोटा हिशेब शिकतो. ‘खरी कमाई’ हा शब्द स्काऊटमध्ये उगाच आलेला नाही.

तेव्हा दोस्तांनो, तीन कामं करा. आपल्या वस्तीतल्या शाळेत, मग ती उर्दू असो वा मराठी, पथक आहे का, ते विचारा. नसेल तर मुख्याध्यापकांना आणि जिल्हा कार्यालयाला अर्ज द्या. आणि घरात एखादी मुलगी शिबिराचं पत्रक घेऊन उभी असेल, तर तिच्या अब्बूंशी तुम्ही बोला. मी परवा बोललो. दुल्हाभाई अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत, पण सोमवारी शाळेत जाऊन गाईड कॅप्टनना भेटायला तयार झाले आहेत.