यादी कुणाची उघडी करायची?

जून २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या पेट्रोलियम खात्याने गॅस ग्राहकांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. इंडेन, एचपी आणि भारत गॅस, तिन्ही सरकारी कंपन्यांचे घरगुती ग्राहक वेबसाइटवर आले. एजन्सी निवडा, नाव किंवा ग्राहक क्रमांक टाका, त्या घरात किती सिलिंडर गेले ते समोर. मंत्री होते जयपाल रेड्डी, आणि वेबसाइटचे नाव होते पारदर्शकता पोर्टल. वर्तमानपत्रांनी लगेच मोठी नावे टाकून पाहिली. तेव्हाचे खासदार आणि उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या नावावर वर्षाला ३६९ सिलिंडर निघाले. म्हणजे रोज एकाहून जास्त, तेही सबसिडीचे! सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने सबसिडीच्या सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा घातली. ती पुढे नऊ आणि मग बारा झाली.

मी तेव्हा इंजिनीअरिंग शिकत होतो. होस्टेलवर आम्हाला हे फार आवडले होते. जनतेच्या पैशावर कोण किती जेवतो हे जनतेला कळायलाच हवे, हे माझे मत आजही तेच आहे. पण त्याच पोर्टलवर आमच्या युसूफ वडगावसारख्या गावातल्या एखाद्या खालाचे कनेक्शनही तेवढेच उघडे होते. तिच्या घरी सिलिंडर कधी आला, किती दिवस पुरला, मधले चार महिने घर बंद होते का, हे कुणालाही पाहता येत होते. खासदाराचा हिशेब मागताना आपण तिचाही हिशेब चौकात मांडतो आहोत, हे कुणाला खटकले नाही.

सात वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, इंडेनच्या वितरकांसाठी असलेल्या पानातून ग्राहकांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक बाहेर काढता येतात असे एका फ्रेंच संशोधकाने दाखवले. त्याने ५८ लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती मोजली, तेवढ्यात कंपनीने त्याला अडवले. एकूण आकडा ६७ लाखांच्या आसपास असावा असा त्याचा अंदाज होता. इंडियन ऑइलने गळती झाल्याचे नाकारले. पहिल्या वेळी सरकारने मुद्दाम दाखवले, दुसऱ्या वेळी कुलूप लावायचे राहिले. ग्राहकाला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

मी रोज डेटाबेसवर काम करतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. माहिती वेबसाइटवर "टाकणे" आणि ती "सांडणे" यात तांत्रिक फरक फार थोडा असतो. सांडण्याचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. डेटाबेसला पासवर्डच नसतो. बॅकअपची फाइल वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. पावतीच्या लिंकमध्ये शेवटी १०४५ असते, तिथे १०४६ टाकले की शेजाऱ्याची पावती उघडते. हा शेवटचा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता आश्चर्य वाटत नाही. आणि सर्च इंजिनसाठी "हे पान घेऊ नका" अशी सूचना फाइलमध्ये लिहून ठेवणे म्हणजे दाराला कुलूप नाही, "आत येऊ नये" अशी पाटी आहे.

काही जण म्हणतात, आम्ही मोबाइल नंबर थेट ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवतो. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. साधा हॅश असेल तर ४०० कोटी नंबरांचे हॅश काढून जुळवायला चांगल्या संगणकाला काही मिनिटे लागतात. नाव काढून टाकले, फक्त गाव, वय आणि आडनाव ठेवले, हेही शहरात कदाचित चालेल. गावात पन्नाशीची, अमुक आडनावाची, पती हयात नसलेली बाई किती असतात? एक. फार तर दोन.

मग यादी लावायचीच नाही का? इथे मी सरकारी बाबूच्या बाजूने जाणार नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, मस्टर रोल मोठ्याने वाचून दाखवले. कधी मेलेल्या, कधी गावात नसलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. माहिती अधिकाराचा कायदा त्याच लढ्यातून उभा राहिला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या गावात आणि बँकेत लागल्या. शेतकऱ्याने आपले नाव पाहिले, रक्कम चुकली असेल तर तक्रार केली. ती यादी वाचणारे तेच होते ज्यांचा तिच्याशी संबंध होता, आणि दोन पावसांत कागद भिंतीवरून गेला. वेबसाइटवरची यादी जात नाही. ती कोण वाचतो ते कळत नाही, आणि ती आडनावाप्रमाणे लावून घ्यायला एक क्लिक पुरते.

पीएम-किसानच्या वेबसाइटवर राज्य, जिल्हा बीड, तालुका केज आणि मग गाव निवडले की लाभार्थ्यांची नावे दिसतात. नावांपुरते मी समजू शकतो. पण जून २०२२ मध्ये बाहेर आले की त्याच वेबसाइटच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक मिळत होते. एका भारतीय संशोधकाने जानेवारीत संबंधित यंत्रणेला कळवले होते, दुरुस्ती मे महिन्यात झाली. मधल्या काळात ती माहिती कुणी उचलली का, हे शेतकऱ्याला कुणी सांगितले नाही.

आपल्या जिल्ह्यात याची किंमत काय असते? एक रुपयात पीक विमा योजनेत दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर विमे उतरवले गेले. २०२४ च्या खरिपातले राज्यातले चार लाखांवर अर्ज बोगस ठरले, त्यात एकट्या बीडचे लाखाच्या वर होते. सातबारा वेबसाइटवर कुणालाही पाहता येतो. तो उघडा असावा असेच माझे मत आहे, नाहीतर जमीन विकत घेणारा गरीब माणूस फसेल. चूक सातबारा उघडा असण्यात नव्हती. ज्याला गट नंबर माहीत आहे तोच मालक, असे धरून पुढचे काम केले गेले, तिथे होती. उघडी माहिती ओळखपत्र म्हणून वापरायची नसते, एवढा साधा नियम पाळला गेला नाही.

आपल्या नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. शेख, सय्यद, पठाण, इनामदार. यादीत धर्माचा रकाना नसला तरी तो भरलेलाच असतो. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाच्या अॅपवर मुस्लिम मुलींचे फोटो लिलावासारखे मांडले गेले. त्याआधी २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' झाले होते. ते फोटो कुठल्या कंपनीच्या डेटाबेसमधले नव्हते, उघड्या खात्यांवरून घेतलेले होते. अटक झालेल्यांत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते, माझ्यासारखेच शिकलेले. उद्या कुणाला फोटोंऐवजी दुकानांची, भाडेकरूंची किंवा दवाखान्यातल्या बाळंतिणींची यादी हवी असली, तर ती आयती मिळू नये ही जबाबदारी ज्याच्याकडे यादी आहे त्याची. आपल्या भाषेत तिला अमानत म्हणतात.

कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड. पण तो दंड सरकारजमा होतो, ज्याचा नंबर फुटला त्याला या कायद्यात भरपाई नाही. कंपन्यांवरची मुख्य बंधने नियम आल्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. माहिती अधिकारातली दुरुस्ती मात्र ताबडतोब लागू झाली. "वैयक्तिक माहिती" म्हटले की अधिकाऱ्याला नकार देणे आता सोपे झाले आहे. जनहिताचे कलम ८(२) उरले आहे, पण त्यासाठी अपिलांच्या फेऱ्या मारायला किती जणांकडे दिवस आहेत? ठेकेदाराचे नाव झाकायची सोय आज, खालाचा नंबर झाकायची सक्ती नंतर. हा क्रम मला मान्य नाही.

सरकारला बोलताना आपल्या घरातही पाहायला हवे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यांत रेशन किट वाटले गेले. पोरांनी जीव तोडून काम केले. त्याच काळातली एका कमिटीची ऑनलाइन शीट मागच्या रमजानमध्ये माझ्याकडे फिरत आली. लिंक असलेल्या कुणालाही उघडत होती. नाव, मोबाइल, गल्ली, आणि शेवटचा रकाना: "विधवा", "नवरा सोडून गेला", "जकात पात्र". पाच वर्षांनंतरही. त्यातल्या एखाद्या घरातली मुलगी आता लग्नाची झाली असेल.

देणाऱ्यांना हिशेब हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. किती रुपये आले, किती किट, कोणत्या दुकानाचे बिल, कुणी तपासले, हे सगळे वेबसाइटवर टाका. नावे एका वहीत, दोन जबाबदार माणसांकडे राहू द्या. हिशेब तपासायचा असेल त्याने येऊन वही पाहावी.

तुमच्या मोबाइलमध्येही त्या काळातली अशी एखादी लिंक अजून असेल. ती लॉगिन न करता, खासगी खिडकीत उघडून पाहा. उघडली, तर शीट ज्याने बनवली त्याला आजच फोन करा.