सोने जेव्हा कसोटी होते

सराफाच्या पेढीवर सोने काळ्या दगडावर घासले जाते आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरतो. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत हे नाते उलटले आहे. तेथे पारख व्हायची असते मूत्राची, आणि कसोटीचे काम करते सोने.

हे सोने पिवळे मात्र नसते. सुमारे वीस नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीहून काही हजार पटींनी लहान सुवर्णकण पाण्यात विखुरले की द्रव माणकासारखा लाल दिसतो. मायकेल फॅरडे यांनी अशा द्रवांवरील संशोधन १८५७ मध्ये मांडले. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत. या द्रवात मीठ पडताच कण एकमेकांना चिकटतात आणि लाली जाऊन निळसर छटा येते. प्रथिन असेल, तर त्याचे आवरण कणांभोवती बसते आणि लाली टिकते. सोने आणि प्रथिन यांची ही जवळीक पुढे निदानाच्या कामी आली.

मूत्रातील प्रथिनाला एवढे महत्त्व का? निरोगी मूत्रपिंड रक्तातील अल्ब्युमिन जवळजवळ सर्व रोखून धरते. दिवसाला तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्ब्युमिन मूत्रातून जाऊ लागले, की चाळणी सैल होत असल्याची शंका घ्यावी. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ब्राइट चमच्यात मूत्र घेऊन मेणबत्तीवर तापवीत. प्रथिन साकळले की रोग ओळखू येई, परंतु तोवर तो बराच पुढे गेलेला असे. मधुमेहात ही गळती वर्षानुवर्षे मूक राहते. ना वेदना, ना सूज. रक्तातील क्रिएटिनिनही कित्येकदा नेहमीसारखेच. दुकानातील किरकोळ गळती वर्षअखेरच्या ताळेबंदापर्यंत लपून राहावी, तसाच हा प्रकार. याच टप्प्यावर रक्तशर्करा व रक्तदाब आटोक्यात आणल्यास हानीची गती मंदावता येते.

नेहमीच्या रंगपट्टीला इतके अल्प अल्ब्युमिन सहसा दिसत नाही. सुवर्णकणांच्या एका प्रकारच्या पट्टीत केवळ अल्ब्युमिनलाच धरणारी प्रतिपिंडे सोन्याच्या कणांना जोडलेली असतात. मूत्र पट्टीत चढताना ती अल्ब्युमिनला पकडतात. वाटेत अल्ब्युमिन पक्के बसवलेला एक टप्पा येतो. रिकाम्या हाताने आलेली प्रतिपिंडे तेथेच अडकतात. ज्यांना आधीच अल्ब्युमिन मिळाले, तीच पुढे जाऊन तांबडा रंग उमटवतात. रंग जितका गडद, तितके अल्ब्युमिन अधिक. घरगुती गर्भचाचणीतील तांबडी रेघही पुष्कळदा सुवर्णकणांचीच असते. तेथे ओळखले जाते ते गर्भधारणेचे संप्रेरक.

पट्टीचा रंग हा अंतिम निवाडा नव्हे. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्या व्यक्तीचे सकाळचे मूत्र दाट असते, त्यामुळे रंग गडद येऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेत अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा कठोर व्यायाम यांनीही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन सदोष निघाले, तरच वैद्य तो दोष कायमचा मानतात. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात ही तपासणी निदान होताच आणि पुढे दरवर्षी करावयाची असते.